निळ्या गेटवाले काका

प्रताप नगरात मला नावाने कुणी ओळखत नाही. मी 'निळ्या गेटवाले काका'. गेट निळं होतं त्याला आता बारा वर्षं झाली. मध्ये दोनदा हिरवा रंग मारला, पैसे मीच मोजले, पण गल्लीने दखल घेतली नाही. ऑफिसात 'सर', घरात 'अहो', गेटबाहेर 'काका'. स्वतःचं नाव फक्त वीजबिलावर वाचायला मिळतं.

म्हणून ऑनलाइन खेळात नाव आपण ठेवायचं असतं, हे कळलं तेव्हा मी हरखलोच. तसा मी या जगात अगदीच नवखा नव्हतो. २००९ साली फेसबुकवर फार्मव्हिल आलं तेव्हा मी शेतकरी झालो होतो. अस्सल वैदर्भी माणूस, कापूसच लावला. बोंडअळी नाही, भाव पडायची धास्ती नाही. फक्त वेळेवर वेचला नाही तर सुकायचा. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी पार्किंगवरून अबोला होता, पण फार्मव्हिलमध्ये त्याने मला एक गाय भेट दिली होती. ३१ डिसेंबर २०२० ला ते शेतच बंद झालं. अबोला टिकून आहे.

बीजीएमआय या खेळात मी शिरलो तो मुलामुळे. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जी मोबाइलवर बंदी घातली, तेव्हा घरात सुतक होतं. २ जुलै २०२१ ला तोच खेळ बीजीएमआय नावाने, सोज्वळ होऊन परत आला. रक्त हिरवं. माणूस 'मारला' म्हणायचं नाही, 'फिनिश' केला म्हणायचं. सुरुवातीलाच आवाज बजावतो की हे खरं जग नाही. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीनच तास, आणि आईबापाचा फोननंबर द्यायचा. चिरंजीवांनी माझा दिला. त्याच्यावर पाळत ठेवायची म्हणून मी स्वतःचं खातं उघडलं, असं मी बायकोला सांगितलं.

माझं नाव टाकलं, तर ते आधीच कुणीतरी घेतलेलं! म्हणजे इथेही मी वीजबिलापुरताच. शेवटी 'वाघ४७' ठेवलं. लोकांना वाटतं सत्तेचाळीस म्हणजे बंदूक. ते आमचं मे महिन्यातलं तापमान आहे.

खेळ सोपा आहे. शंभर जण विमानातून छत्रीने उड्या मारतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जातं, शेवटी जो उरेल त्याला 'चिकन डिनर'. सावजीचा रस्सा वगैरे नाही, नुसती अक्षरं. मी पहिल्याच दिवशी पोचिंकीत उतरलो. पोचिंकी म्हणजे तिथली सीताबर्डी: गर्दी तुफान, आणि धक्का कोणी दिला ते कळत नाही. आमच्या चौघांच्या टोळीचा म्होरक्या होता 'यमदूत'. तो कानात ओरडला, "अबे वाघ, तिकडं काऊन पळून राहिला? झोनमध्ये ये ना बे!"

मी जागच्या जागी थांबलो, आणि अर्थातच फिनिश झालो. मला कुणी 'अबे' म्हटल्याला तीस वर्षं झाली होती. कॉलेजच्या होस्टेलवर म्हणत, ते मित्र आता 'कसे आहात' असं विचारतात. यमदूताला ना माझं वय ठाऊक होतं, ना टक्कल, ना मधुमेह. त्याच्या लेखी मी एक बावळट, पण बरोबरीचा गडी होतो. महिनाभर रोज रात्री मी अर्धा तास 'अबे' ऐकून घेतलं, शुगरच्या गोळीसारखं नेमाने.

मग एका रविवारी सकाळी खेळताना यमदूताच्या माइकमधून भाजीच्या गाडीचा भोंगा ऐकू आला: "आलू, कांदे, लसूऽऽन." दोन मिनिटांनी तोच भोंगा माझ्या खिडकीखाली. मी न राहवून विचारलं, "तुमच्या गल्लीतून आत्ताच आलूवाला गेला काय?"

पलीकडे शांतता. मग चिरका आवाज आला, "पुढच्या वेळी बॉल परत मिळणार नाही... तेच काका काय तुम्ही? निळ्या गेटवाले?"

यमदूत नववीत होता. त्याचे दोन बॉल माझ्या माळ्यावर होते.

त्या दिवसापासून टोळीची वाट लागली. पूर्वी "अबे वाक!" एवढ्यात भागायचं. आता, "काका, तुम्ही जरा खाली वाकता काय? मागून दोघं जण येऊन राहिले," हे वाक्य संपेपर्यंत मी हिरव्या रक्ताच्या थारोळ्यात. आदराने माणूस इतक्या लवकर मरतो हे मला माहीत नव्हतं. शेवटी त्याला गेटपाशी बोलावलं, दोन्ही बॉल परत दिले आणि तह केला: गल्लीत काका, खेळात अबे.

तह त्यानेच मोडला. परवा संध्याकाळी मी पिशवी सांभाळत रस्ता ओलांडत होतो, उलट्या बाजूने एक दुचाकी सुसाट आली. मागून आरोळी आली, "अबे वाघ, डावीकडं!" मी सवयीने डावीकडे उडी मारली. टमाटे गेले, मी वाचलो.

सगळ्या गल्लीने ऐकलं. आता प्रताप नगरात मला 'वाघकाका' म्हणतात. गेट हिरवं असल्याचंही हळूहळू लोकांच्या लक्षात येऊन राहिलं आहे.