पातं कोण बघणार?

पावसाळ्याआधीची छाटणी सुरू झाली आहे. गुलमोहर, वर्षावृक्ष, सोनमोहर. विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या उतरतायत. बऱ्याच ठिकाणी शेजारी वुड चिपर, म्हणजे फांद्यांचे तुकडे करणारं यंत्र, उभा दिसतो. त्याचं स्वागत आहे. ढीग फुटपाथवर आठवडाभर पडून राहत नाहीत, ट्रकच्या खेपा कमी होतात आणि रात्री कोणी गुपचूप काडी लावत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली. साध्या जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000 रुपये दंड. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितलं. म्हणजे यंत्राची गरज खरी आहे.

आता त्या यंत्राच्या मागे जा आणि काय बाहेर पडतंय ते बघा. कडा स्वच्छ कापलेले, साधारण एकसारखे तुकडे पडत असतील तर सगळं ठीक. पण लांब लांब साली, सोललेले दोरे आणि धुळीसारखा भुसा पडत असेल, फांदी आत जाताना नाचत असेल, इंजिन कण्हत असेल, तर पात्यांची धार गेली आहे. आणि आपल्या रस्त्यांवर हे दुसरं दृश्यच जास्त दिसतं.

बोथट पातं लाकूड कापत नाही, चेचतं. त्यात डिझेल जास्त जळतं, बेल्ट घसरतो, बेअरिंग तापतं. हा झाला पैशांचा हिशेब. दुसरा हिशेब माणसाचा आहे आणि मला राग त्याचा येतो. धारदार पातं फांदी स्वतःहून आत ओढतं. बोथट झालं की फांदी अडते. अडली की कामगार ती हाताने ढकलतो. हात पुरला नाही की पाय लावतो. मुकादम मागून ओरडत असतो, ट्रक भरायचा असतो. चिपरचे अपघात असे घडतात. त्यानंतर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहून फाइल बंद होते. पातं शेवटचं कधी काढलं होतं, हे त्या फाइलमध्ये कोणी लिहीत नाही.

खरेदीच्या कागदावरच याची सुरुवात होते. निविदेत दोनच आकडे ठळक असतात: हॉर्सपॉवर आणि किती इंची फांदी चालते. त्यावर सगळ्यात कमी दर देणारा निवडला जातो. हा इंचांचा आकडा फसवा आहे. तो फांदीची जाडी सांगतो, तिचा आकार नाही. गुलमोहराची चार इंची फांदी सरळ नसते, तिला बेचके असतात, ती आडवी पसरते. तोंड अरुंद असेल तर प्रत्येक बेचका आधी करवतीने सोडवावा लागतो आणि यंत्राने वाचवलेला वेळ तिथे जातो. बाभूळ आणि चिंच यांचं लाकूड तर इतकं कठीण की कॅटलॉगमधल्या मऊ लाकडाचा आकडा त्यांना लावणं चूकच. म्हणून प्रात्यक्षिक मागा, आणि ते आपल्याच झाडांवर मागा. विक्रेत्याने सोबत आणलेल्या सरळ, सोललेल्या काठ्यांवर नको.

चिपर मुख्यतः दोन जातींचे. एकात जड तबकडीवर पाती बसवलेली असतात, दुसऱ्यात फिरत्या ड्रमवर. तबकडीवाला सरळ ओंडक्यांना छान, तुकडे एकसारखे देतो. ड्रमवाला पानांनी भरलेल्या, वेड्यावाकड्या फांद्या जास्त सहज गिळतो. आपल्या शहरांतली छाटणी बहुतेक दुसऱ्या प्रकारची असते, म्हणून महापालिकेने किंवा मोठ्या कंत्राटदाराने ड्रमवाला घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हायड्रॉलिक रोलरसकट घ्यावा. रोलर फांदी ठरावीक वेगाने आत नेतात आणि मुख्य म्हणजे दांडा दाबला की थांबतात किंवा उलटे फिरतात. चांगल्या यंत्रात इंजिनाचे फेरे उतरले की रोलर आपोआप थांबतात, इंजिन सावरलं की पुन्हा चालू होतात. पैसे कमी असतील तर रंग, टायर, ट्रॉली यांत कपात करा. या दांड्यात करू नका.

सोसायट्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना बहुतेक वेळा पालापाचोळ्याचा श्रेडर पुरतो. हातोड्यांनी पानं कुटणारा तो श्रेडर मनगटाएवढी फांदी मात्र खाणार नाही. आणि वर्षातून एकदाच मोठी छाटणी होत असेल तर मोठा चिपर भाड्याने आणावा. अकरा महिने शेडमध्ये उभ्या यंत्राचं पेट्रोल शिळं होतं, कार्बोरेटर तुंबतो, पात्यांवर गंज चढतो. ग्रामपंचायती आणि बागायतदारांसाठी ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा चिपर हा सरळ मार्ग आहे. इंजिन घरचंच, फेरे मिनिटाला 540. फक्त आपल्या ट्रॅक्टरची ताकद चिपरला पुरते का ते आधी बघा आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण काढून फेकू नका. धोतराचा सोगा, गमछा, ओढणी त्या शाफ्टला लागायला क्षण पुरतो.

आता धार. पात्यांचे दोन संच लागतातच. एक यंत्रात, एक धारेला. हे निविदेत लिहिलेलं नसतं म्हणून दुसरा संच कधी येत नाही आणि धार लावायची म्हणजे काम बंद ठेवायचं, असा पेच उभा राहतो. मग हँड ग्राइंडर घेऊन रस्त्यावरच ठिणग्या उडवल्या जातात. ते करू नये. पोलाद तापून निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला, धार दुपारपर्यंतही टिकत नाही. शिवाय एक पातं जास्त घासलं, एक कमी, तर वजन बदलतं आणि ड्रम थरथरायला लागतो. धार सरफेस ग्राइंडरवर, पाण्याच्या धारेखाली, सगळ्या पात्यांना एकाच कोनात लावायची. छापखान्यांतल्या कटिंग मशीनच्या पात्यांना धार लावणारे कारागीर हे काम नीट करतात. पुण्याजवळ भोसरीसारख्या औद्योगिक भागात असं जॉबवर्क करणारी वर्कशॉप आहेत. कौशल्य आपल्याकडे आहे, खर्चाची तरतूद नाही.

धार लावल्यावर पातं रुंदीला थोडं कमी होतं. त्यामुळे ते आणि समोरचं स्थिर पातं, म्हणजे ऐरण, यांतलं अंतर पुन्हा लावावं लागतं. हे अंतर फक्त काही मिलिमीटरचं असतं आणि नेमकं किती ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत असतं. अंतर वाढलं तर नवी धारही साल सोलत बसते. कमी झालं तर पोलादावर पोलाद आपटतं. ऐरणीच्या कडासुद्धा झिजतात, बऱ्याच ऐरणी उलटवून वापरता येतात. पात्यांचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचे, अंदाजाने नाही, आणि ताणलेले जुने बोल्ट परत वापरायचे नाहीत. सुटलेलं पातं धुराड्यातून बाहेर येतं तेव्हा समोर कोण उभं आहे ते बघत नाही.

धार इतकी लवकर का जाते? निम्मं उत्तर रस्त्यावर आहे. फांद्या फरफटत आणतात, त्यांना माती, वाळू, खडी चिकटते. उचलून आणल्या तर तीच पाती कितीतरी जास्त टिकतात. मुळं तर चिपरमध्ये टाकूच नयेत. उरलेलं उत्तर झाडांच्या अंगात आहे: जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे, केबलच्या तारा, सणासुदीला गुंडाळून विसरलेल्या दिव्यांच्या माळा, खोडाने गिळलेल्या लोखंडी जाळ्या. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी झाडांचे खिळे काढायची मोहीम चालवली ती झाडांसाठी. तिचा उपयोग चिपरजवळ उभ्या असलेल्या माणसालाही आहे. एक खिळा पात्याची कड उडवतो, आणि ती कड उडते कुठे, याचा भरवसा नाही.

त्या माणसाला हेल्मेट, चेहऱ्यावर जाळी किंवा काच, आणि कानांवर मफ हवेत. चिपरचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो, दिवसभर तो ऐकणारा माणूस काही वर्षांत बहिरा होतो. फांदीचा बुडखा आधी आत, शेंडा नंतर. तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. आखूड तुकडे हाताने नाही, दुसऱ्या लांब फांदीने ढकलायचे. इंजिन बंद केलं तरी ड्रम लगेच थांबत नाही. तो पूर्ण थांबल्याशिवाय आणि चावी काढून अडकण लावल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. हे कामगाराला त्याच्या भाषेत, काम सुरू व्हायच्या आधी सांगणं ठेकेदाराचं काम आहे. इंग्रजी स्टिकर म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

तोडलेल्या झाडाचा बुंधा काढणाऱ्या स्टंप ग्राइंडरची कहाणी जमिनीखालची. त्याच्या चाकावर टंगस्टन कार्बाइडचे दात असतात. चाक डावी-उजवीकडे फिरवत बुंधा थराथराने खरवडत न्यायचा. आपल्या मातीत मुरूम आणि दगड, त्यावर फुटपाथचं काँक्रीट. दात भराभर झिजतात, तुटतात. एक दात गेला तरी चाक हादरतं, म्हणून दात रोज सकाळी बघायचे, फिरवायचे, बदलायचे. यंत्र निवडताना आधी सोसायटीच्या फाटकाची रुंदी मोजा. आत जात नसलेलं मोठं यंत्र काय कामाचं? आणि बुंध्याशेजारी वीज, गॅस, पाणी, टेलिफोन यांपैकी काय जातं ते त्या त्या कार्यालयाला विचारल्याशिवाय चाक टेकवू नका. घाई झाली की जेसीबी बोलावतात. जेसीबी बुंधा उपटतो, त्याबरोबर पेव्हर उपटतो आणि पाइपही.

वर फरशी टाकायची असेल तर 15 सेंटिमीटर खोल पुरतं. तिथेच नवं झाड लावायचं असेल तर त्याच्या दुप्पट जा, सगळा भुसा काढा आणि चांगली माती भरा. ताजा भुसा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो. टेकडीच्या उतारावर मात्र बुंधा राहू द्या, मुळं माती धरतात.

आणखी एक. बुंधा खरवडला की तिथे किती जाडीचं झाड होतं, याचा पुरावाच उरत नाही. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. आता तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची आहेत. त्या वयाची पडताळणी कशावर करणार? आधी घेर मोजा, फोटो घ्या, पंचनामा करा, मग ग्राइंडर आणा.

कोकणात पडलेली खोडं आणि बुंधे काढण्याचा विषय जास्त निकडीचा आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नारळाचं खोड आणि बुंधा सडत पडला की त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि उभ्या राहिलेल्या माडांचा कोवळा गाभा पोखरतो. वादळानंतर गावोगाव सामायिक चिपर आणि ग्राइंडर फिरले तर हा धोका कमी होतो. नारळाचं जून खोड छोट्या चिपरला पेलत नाही, ते आधी चिरून घ्यावं लागतं. झावळ्यांचे धागे रोलरच्या शाफ्टला गुंडाळतात, ते रोज संध्याकाळी कापून काढायचे. आणि भुशाचा ढीग करायचा नाही, कारण कुजका ढीगही भुंग्याला आवडतो. भुसा बागेत पातळ पसरायचा.

शहरात भुसा झाडांच्या आळ्यात घाला, सात ते दहा सेंटिमीटर जाड, खोडापासून थोडा दूर. कचरा डेपोत नको.

यंत्राचं कोटेशन सोसायटीच्या बैठकीत किंवा पालिकेच्या समितीत येईल तेव्हा विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. पात्यांचा दुसरा संच किमतीत आहे का? धार कोण लावणार, किती तासांनी, किती रुपयांत? बेल्ट आणि बेअरिंग महाराष्ट्रात कुठे मिळतात? चालवणाऱ्याला कोण शिकवणार, किती दिवस? उत्तरं लेखी घ्या. ती मिळाली नाहीत तर या वर्षी यंत्र भाड्याने आणा, चालकासकट.