एका चादरीत सहा खुर्च्या

"काय ओ वहिनी, सकाळपासून ठकठक ऐकू यायलंय. भिंत पाडायलाव का काय?"

"भिंत कसली अक्का, खुर्ची ठोकतेय. सासरच्या वाड्याची वाटणी झाली ना, त्यात या सहा आल्या. सागवानी आहेत. धाकटी जाऊ म्हणाली, 'ताई, हे भंगार तुम्हीच न्या.' आणलं. तिच्याकडे सासूबाईंच्या पाटल्या गेल्या, ते वेगळं."

"वेगळं कसं? ते आधी सांगा की!"

"सांगते हो, पाटल्या कुठं पळत नाहीत. या खुर्च्या आमच्या आजेसासऱ्यांच्या. इथल्या सोलापूरच्या जुन्या गिरणीत कारकून होते ते."

"जुनी गिरणी म्हंजे १८७७ ची. तिच्यापायी आमच्यासारखी किती माणसं तेलंगणातनं इकडं आली. आमचा आजा तिथंच सूत भरायला होता."

"१९४९ ला ती बंद पडली तेव्हा घरातली भांडीसुद्धा विकली म्हणे, पण खुर्च्या ठेवल्या. मग १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हातात घेतला, तर एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला. आजेसासरे ही कथा याच खुर्चीत बसून इतक्यांदा सांगायचे, की घरात सगळ्यांची पाठ झाली होती."

"एवढ्या मानाच्या खुर्च्यांना खिळे ठोकायलाव?"

"पाय हलतोय ना."

"ठेवा ती हातोडी खाली! हलणाऱ्या पायाला खिळा मारला की लाकूड चिरतं, आणि महिन्यानं पाय परत हलतोच. वर खिळ्याचं भोक आयुष्यभर दिसतं. पाय हळूच उपटून काढा. पूर्वी सांध्यात सरस भरायचे, तो वाळून कुरकुरीत झालेला असतो. कोमट पाण्याचं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवलं की मऊ पडतो. मग सुरीनं खरवडा, लाकूड कोरडं होऊ द्या, फेविकॉल लावून पाय बसवा आणि करकचून बांधा."

"बांधू कशानं? सुताराकडचे शिकंजे कुठून आणू?"

"सायकलवाल्याकडं जुनी ट्यूब मागा, फुकट देतोय. तिच्या पट्ट्या कापून ताणून गुंडाळायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. आणि त्यावर बसून बघायचं तर अजिबात नाही. आमच्या घरी कोण बसलं होतं ते विचारू नका."

"काका?"

"विचारू नका म्हटलं ना!"

"बरं अक्का, तुम्ही त्या कोपऱ्यावरच्या मॅडमचा नवा सोफा पाहिलात का? दिवाळीत हप्त्यावर घेतलेला. काल हळदी-कुंकवाला गेले होते. मी बसले ती अशी खोल गेले, की उठवायला दोघीजणी लागल्या."

"पाहिला की. उलटा करून पाहिला."

"उलटा? कधी?"

"त्या चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात. खालचं काळं कापड एका बाजूनं सुटलं होतं. आत काय हाय? भुशाच्या फळ्या आन् त्यावर स्टेपल. सागवानाचं नाव नाही. आता तो दुरुस्त करायचा म्हटलं तर भुशात स्टेपल धरणार नाही. म्हणून म्हणते, तुमच्या जावेनं सोनं नेलं, पण लाकूड तुम्हाला दिलं. गादी, कापड हे सगळं अंगावरचे कपडे, फाटले की बदलायचे. हाडं घट्ट पाहिजेत."

"हाडं घट्ट आहेत, पण एका खुर्चीखाली बारीक पीठ पडतंय."

"ताजं हाय का जुनं? झाडून घ्या, खाली कागद ठेवा. दोन दिवसांनी परत पीठ दिसलं तर भुंगा अजून आत हाय. औषधाच्या दुकानातनं इंजेक्शनची सिरिंज आणा, भुंग्याचं औषध एकेका भोकात सोडा, वर मेण भरा. आणि ती खुर्ची तोवर बाकीच्या पाचांपासून लांब ठेवा. आजारी माणसाला ठेवतो तशी नव्हं, चोराला ठेवतो तशी!"

"ढेकणांचं काय? वाड्यात होते म्हणे."

"ढेकणांचं नाव काढू नका. मागच्या गल्लीत त्या बँकवाल्यांनी कोणाचा तरी जुना दिवाण स्वस्तात आणला, आठवतंय? तपासला नाही, झटकला नाही, तसाच मधल्या खोलीत टाकला. सासूबाई महिनाभर राहायला आल्या होत्या, चौथ्या दिवशी बॅग भरून पंढरपूरला परत. सून म्हणाली, ढेकणाचा फोटो करून देवघरात ठेवते!"

"अगंबाई! खरंच म्हणाली?"

"मला म्हणाली. तुम्ही कोणाला सांगू नका. हे बघा, आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन फुकट हाय. जुन्या गाद्या-उशा काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून गच्चीवर दुपारभर टाकायच्या, अधूनमधून पलटायच्या. आतली उष्णता पन्नास अंशांच्या वर गेली की ढेकूण काय, अंडीही उरत नाहीत. पण लाकूड उन्हात ठेवू नका, चिरा पडतात. लाकडाला सावली, गादीला ऊन."

"बैठकींवर रेक्झिन आहे, पार तडकलेलं."

"ते जाऊ द्या. त्रेचाळीस डिग्रीत रेक्झिनवर बसून उठलं की निम्मी कातडी तिथंच राहते. बैठक खालनं स्क्रूवर हाय ना? उचलून येईल. जुनं कापड फाडायचं नाही, चुका एकेक करून उपटायच्या आणि कापड सपाट करून ठेवायचं. तोच नव्या कापडाचा खाका. काढता काढता मोबाईलवर फोटो घ्या, घडी कुठली कुठं होती ते रात्री आठवत नाही."

"आत काथ्या निघाला, आणि खाली नवार. नवार लोंबलीय."

"काथ्या फेकू नका, उन्हात वाळवून पिंजून घ्या, फोमच्या खाली पातळ थर देता येतो. नवार मात्र नवी आणा. आधी पुढून मागं, मग आडवी, एक पट्टी वर, एक खाली अशी विणत न्यायची. हातानं ओढून भागत नाही. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून, चौकटीला टेकवून ताणायची. बोटानं टिचकी मारली की ढोलकीसारखी वाजली पाहिजे."

"आणि फोम? दुकानदार म्हणतो बत्तीस घ्या, चाळीस घ्या. मला वाटलं वय विचारतोय."

"तुम्हाला बत्तीस कोण म्हणेल ओ! ती डेन्सिटी. एक घनमीटर फोम किती किलोचा, तो आकडा. रोज बसायच्या जागेला चाळीसचा, पाठीला कमी चालतो. पण दुकानदार चाळीस म्हणून बत्तीस देतोय का, हे कसं कळायचं?"

"कसं?"

"भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवून! अठरा इंच लांब, अठरा रुंद, दोन इंच जाड, एवढा तुकडा चाळीसचा असेल तर सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. बत्तीसचा असेल तर तीनशे चाळीस. आमच्या ह्यांनी हिशोब करून दिलाय, मी पाठ केलाय. दुकानदार माझं तोंड बघत बसला."

"आणि त्या रंगीबेरंगी चुऱ्याच्या फोमचं?"

"तो वजनाला जडच भरतो, पण तुकडे डोळ्यांना दिसतात. तो कडक लागतो. खाली एखादा थर ठीक, नुसता त्याचा नको. वहिनी, पैसा जिथं बसायचं तिथं घाला, जिथं दिसायचं तिथं नव्हं. कापडाचं मी बघते."

"तुम्ही बघता म्हणजे?"

"सोलापुरात राहून सोफ्याचं कापड सुरतेचं कशाला आणायचं? चादर लावा की! ह्यांचं आख्खं आयुष्य कारखान्यात गेलं. जकार्डचे पत्ते लावून लावून हाताला घट्टे पडले. कारखान्यात सेकंडचा माल निघतो. एखादा धागा तुटलेला, कुठं फुलाची पाकळी चुकलेली. किंमत निम्मी, सूत तेच. चुकलेला भाग कापण्यात जातो."

"चादर टिकेल खुर्चीवर?"

"टिकते. जाड सुती विणकाम असतं. फक्त वरचे धागे लांब सुटलेले असतात, खिळ्याला, मांजराच्या नखाला अडकतात. तुमची मांजर आमच्याकडं झोपते, त्यामुळं तुम्हाला ती भीती नाही. आता हिशोब घ्या. बैठक अठरा इंच, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच फोमची जाडी, खाली दीड-दीड इंच दुमडायला. झाले पंचवीस. साठ बाय नव्वदची चादर असते. रुंदीत दोन, लांबीत तीन."

"सहा! एका चादरीत सहा खुर्च्या!"

"सहा. कोपऱ्यावरच्या मॅडमला सांगा. पण खरी सोलापुरी घ्या. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन हाय, तरी बाजारात पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपतोय. पहिल्यांदा युद्धात झालं, आता चादरीत आमचं पानिपत होतंय. कडेचा एक धागा काढून पेटवून बघा. कागदासारखा जळून राख झाली तर सूत. वितळून काळा मणी झाला तर पॉलिस्टर, ते मेमध्ये रेक्झिनचं भाऊबंद."

"धुऊन कापायची ना?"

"आधी धुवायची, तीसुद्धा वेगळी. रंग सोडते आणि आकसते. न धुता लावली तर पहिल्या ओल्या फडक्यानं खुर्ची चुरगळते. कापल्यावर कडांना मशीनवर झिगझॅग मारा, नाहीतर धागे सुटतात. फोमवर आधी मांजरपाट ताणून बसवायचा, त्यावर चादर. ठोकताना समोर मधोमध एक स्टेपल, मग मागं मधोमध, मग डावं, उजवं. मधून कोपऱ्याकडं जायचं, कोपरे शेवटी. एका कडेनं सुरुवात केली की फूल तिरकं जातं. आमच्या भाचीच्या खुर्चीवर मोराची मान दाराकडं वळलीय, जसा काही पाहुण्यांना जा म्हणतोय."

"भाचीला बरं आहे की ते, तिच्याकडे पाहुणे फार."

"तेच तर! ती बदलत नाही म्हणते."

"आणि पॉलिश? सुताराला बोलावलं तर तो म्हणाला, सगळं घासून मेलामाइन मारतो."

"घासून टाकायची घाई कशाला? आधी बघा वर काय हाय. बैठकीच्या खाली, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश हाय. मग जुन्यावरच नवं चढतं. बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेनं हलकेच फिरवायचा, आडवा फिरवला तर ओरखडे उमटतात. लिटरभर स्पिरिटमध्ये दोनशे ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवायची, सकाळी गाळायची. जुन्या धोतराच्या फडक्यात कापूस गुंडाळून पोटली करायची, आणि पातळ पातळ हात मारत जायचे. एक वाळला की दुसरा. जाड हात मारला की तो चिकटच राहतो."

"कधी करू? आता श्रावण येईल."

"श्रावणात नको. दमट हवेत लाखेवर पांढरी साय धरते. आणि मेच्या दुपारीही नको, पोटली फिरायच्या आत स्पिरिट उडून जातं, पट्टे पडतात. कोरडी हवा, सकाळची वेळ, सावलीची जागा. आणि देवघरातला दिवा विझेपर्यंत स्पिरिटची बाटली उघडायची नाही. तुम्ही पूजा करता करता दहा कामं करता, म्हणून सांगितलं."

"एक वेताची आरामखुर्चीपण आहे. बैठक खोलगट झालीय."

"वेत तुटलाय का नुसता सैल हाय?"

"सैल."

"मग खुर्ची उलटी करा, वेताला खालच्या बाजूनं गरम पाण्याचं ओलं फडकं ठेवा, चांगला भिजू द्या, आणि वाऱ्यावर वाळू द्या. वाळताना वेत आकसतो, परत ताठ होतो. तुटला असेल तर मात्र विणणाऱ्याकडंच द्या. पूर्वी अंधशाळांत हे काम शिकवायचे, कचेऱ्यांतल्या कितीतरी खुर्च्या अंध कारागिरांनी विणलेल्या. ते बोटांचं काम, यूट्यूब बघून येत नाही. स्प्रिंगचा सोफा आणि कोरीव शिसवी पण घरी उघडायचं नाही. कुठलं काम आपलं नाही, हे कळलं की निम्मे पैसे वाचतात."

"एकूण किती जातील हो? ह्यांना आकडा सांगावा लागतो."

"फोमला निम्मे. चादर, मांजरपाट, नवार, लाख, स्पिरिट सगळं धरून सहा खुर्च्या तीन-साडेतीन हजारात उठतात. तेवढ्यात एक नवी सागवानी खुर्ची दाखवा मला. स्टेपलची बंदूक माझी घ्या. भाडं एकच."

"काय?"

"साठ नव्वदातनं पन्नास पंचाहत्तर गेले की बाजूची दहा इंची पट्टी उरते, नव्वद इंच लांब. आणि खालचा पंधरा इंचांचा तुकडा. ते दोन्ही माझे. दिवाणावरच्या लोडांना मला हेच पाहिजे होतं."

"म्हणजे हिशोब तुम्ही आधीच केला होता!"

"आमच्याकडं वीतभर कापड वाया गेलं तर ह्यांना झोप येत नाही. आता पाटल्यांचं सांगा."

"सांगते. पण अक्का, खुर्च्या पूर्ण होईपर्यंत कोपऱ्यावरच्या मॅडमला काही कळू देऊ नका. उगाच येऊन सल्ले देत बसतील."

"मी? मी कशाला सांगू? काल फक्त त्यांच्या कामवालीला सांगितलं."