डॉट-एचे बेलीफ

तयार लिनक्स संगणकात घालून घेणे ज्यांना परान्नासारखे वर्ज्य वाटते आणि जेरार्ड बीकमन्स यांनी सुरू केलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’चे पारायण करीत जे अख्खी प्रणाली मूळ सोर्सपासून घरीच बांधतात, अशांपैकी एखादे गृहस्थ आपल्याही परिचयात असतीलच; आमच्या वाट्याला बडोद्याच्या दांडिया बाजारातले भाऊसाहेब आले.

त्यांचे हाडवैर ‘डॉट-ए’ फायलींशी. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात स्वतःची प्रत कायमची कोंबणारी ही स्टॅटिक लायब्ररी त्यांना सरकारजमा करण्याच्याच लायकीची वाटते, आणि बांधणी संपताच झेडलिबची डॉट-ए मागे उरलेली दिसली, की तिची जप्ती ते जातीने करतात. २००२ साली झेडलिबमध्ये दोष निघाला तेव्हा सामायिक प्रत वापरणाऱ्यांचे एका दुरुस्तीत भागले, पण ज्यांनी ती पोटात घेतली होती ते प्रोग्रॅम एकेक हुडकून पुन्हा बांधावे लागले, हा दाखला न ऐकलेला इसम रावपुऱ्यापर्यंत मिळणे कठीण.

पुढे हे वेड संगणकात मावेना. चार बिऱ्हाडांत चार शिड्या कशाला, असा तगादा लावून त्यांनी स्वतःची शिडी मोडीत काढली आणि तेव्हापासून ते आमची वापरतात. आमच्या भिंतीवर पंचांग दिसताच, “शेजारी आहे ना?” सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डनसाहेबांना अमेरिकेहून आणवून मोफत ग्रंथालये उभारली, ती रयतेने घरोघर प्रती साठवाव्यात म्हणून काय, या सवालापुढे बडोद्यात कोण बोलणार! वहिनींचा दुसरा कुकरही याच कलमाखाली गेला.

आमच्या भाच्याने एका रात्री मूळ सी-लायब्ररीच बिघडवली आणि तिच्यावर विसंबलेली यच्चयावत साधने एकदम मुकी झाली, तेव्हा मात्र भाऊसाहेब भर पावसात स्कूटरवरून आले. त्यांनी पेनड्राइव्हवरून यंत्र उठवले, बिझीबॉक्स या साधनसंचाच्या साह्याने लायब्ररी पूर्ववत केली आणि पहाटेपर्यंत पोराला एका शब्दानेही दुखावले नाही. तो बिझीबॉक्स स्टॅटिक होता. तसा तो घडवायला सी-लायब्ररीची डॉट-ए लागते. म्हणजे जप्तीच्या मालातली एक फाईल बेलीफाने घरीच ठेवून घेतली होती!

“भाऊसाहेब, ही कशी सुटली?” भाच्याने विचारले.

“अडीनडीला असावी,” ते खाली बघत म्हणाले, “बाहेर बोलू नकोस.”

निघताना त्यांनी आमची छत्री नेली. ती अद्याप सामायिक आहे.