रविवारची पेटी : नवशिक्यांसाठी सूचना

साहित्य : एक पेटी, 'उपासना संगीत' या ख्रिस्ती गीतसंग्रहाची एक प्रत (पाने सुटी झालेली असल्यास उत्तम, आधीच्या वादकाला कोणती गीते पुन्हा पुन्हा वाजवावी लागली ते त्यावरून कळते), पंख्याखाली पान उडू नये म्हणून कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, आणि मोकळी रविवार सकाळ. श्रद्धा या यादीत नाही, हे चाणाक्ष वाचकाने ओळखले असेल. ती लागतेच, पण घरून घेऊन यावी लागते असे नाही.

पेटी कमी प्रतीची मानून नाक मुरडू नका. आकाशवाणीने 1940 ते 1971 अशी तीन दशके तिला दाराबाहेर ठेवले होते. विदर्भातल्या चर्चांना तेवढा श्रीमंती थाट परवडणारा नव्हता. ती वीज मागत नाही, स्कूटरवर मावते आणि उन्हाळ्यात तुमच्यापेक्षा कमी कुरकुर करते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा तबल्याची पुडी ताणून सूर चढतो, जुलैच्या दमटपणात तोच सूर उतरतो. पेटी कोणासाठी हलत नाही. तबलजी तुमच्याकडे रागाने बघत हातोडी शोधेल. बघू द्या.

आता पट्टी. आपला आवाज कुठे खुलतो हे प्रत्येक वादकाला ठाऊक असते, आणि चर्चमध्ये त्याचा काही उपयोग नसतो. पहिल्या रांगेतल्या आजींचा वरचा सूर जिथे फाटतो, तिथून दोन पट्ट्या खाली या. तरुण पोरे नाराज होतील. त्यांच्यासाठी मागे कीबोर्ड आणि गिटार आहेच.

चालीचे प्रकरण मात्र सोपे नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली. मेथडिस्टांपैकी ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेतले आत आले. अमेरिकी परंपरेतली मोठी मंडळी ऐनवेळी बाहेरच राहिली. घटना एक झाली, बिशप नेमले गेले. चालींचे विलीनीकरण कोणी कागदावर घेतले नव्हते, त्यामुळे ते आजही चालू आहे. नगरकडची सून त्याच गीताची वेगळी चाल घेऊन येते आणि दुसऱ्या ओळीला निम्मी मंडळी वर, निम्मी खाली जाते. अशा वेळी पेटीने निवाडा करू नये. ज्या बाजूला आवाज मोठा, तिकडे हळूच सरकावे.

सुरुवात इंग्रजी चालीच्या भाषांतरित गीतांनी करू नका. त्यांत मराठी शब्द इतके कोंबलेले असतात की 'पवित्र'चा 'त्र' पुढच्या मात्रेला सापडतो. नारायण वामन टिळकांपासून सुरू करा. नागपूरशी त्यांचा संबंध जवळचा : 1893 मध्ये इथून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे या माणसाने ख्रिस्ती उपासनेत अभंग आणले, कीर्तन आणले. धर्मांतराची किंमत घरात काय पडली ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त वाचा, हे माझे आग्रहाचे सांगणे. अभंगांचा वादकाला फायदा असा की तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकत वाढलेल्या वैदर्भीय माणसाला भजनी ठेका शिकवावा लागत नाही. टिळकांचा अभंग लावला की टाळ्या आपोआप समेवर पडतात, अगदी मुलीच्या साखरपुड्याचा हिशेब मनात करत बसलेल्या काकांच्याही.

हरकती घेण्याचा मोह होईल. जर्मन संगीतकार बाखलाही झाला होता. आर्नश्टाटच्या चर्चमंडळाने 1706 मध्ये त्याला बोलावून बजावले की तुझ्या चमत्कारिक फिरती आणि परके सूर ऐकून मंडळी गोंधळते. शिवाय आधी फार लांबण लावतोस, सांगितले की फारच आटोपते घेतोस, अशीही तक्रार होती. म्हणजे कमिटीचा त्रास ही भारतीय ख्रिस्ती परंपरा नव्हे. तुम्ही मात्र बाख नाही. हरकत शनिवारच्या सरावापुरती ठेवा.

प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटावेत, पुढच्या गीताचे पान काढून झाल्यावर.

मयतीचे वाजवणे कोणी शिकवत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. निरोप बहुधा ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत येतो. पेटी घेऊन आधी घरी, मग कब्रस्तानात. मांडवाला सावली पुरत नाही, पेटी टेबलावर किंवा कोणाच्या तरी मांडीवर. घरच्यांचे गळे दाटलेले असल्यामुळे पहिले कडवे जवळजवळ तुम्ही एकटेच वाजवता. तिथे जोर वाढवू नका, भाता सावकाश आणि सारखा ठेवा. दुसऱ्या कडव्याला शेजारपाजारचे, मागे उभे असलेले गाऊ लागतात. तिसऱ्याला घरातली एखादी बाई गाते, शब्द न लागता, नुसता सूर. कडवी संपली तरी तिच्यासाठी धृपद आणखी एकदा घ्या. पाळकांनी घड्याळ पाहिले तरी घ्या. ज्या आठवड्यात वादकाचा स्वतःचा विश्वास डळमळीत असतो, त्या आठवड्यात मंडळी त्याच्यासाठी नेमके हेच करत असते, फक्त तिला ते माहीत नसते. नोकरी गेलेली असो की घरात आजारपण, हात भाता ओढतो आणि पुनरुत्थानाचे शब्द दुसरे लोक म्हणतात. माझ्या मते पेटीमागे बसण्याचा हा सर्वांत मोठा लाभ आहे, आणि मानधनाचा विषय काढणाऱ्याला तो सांगता येत नाही.

मानधनाचा विषय निघालाच आहे तर : नाताळात केक मिळतो. लग्नात जेवण मिळते, पण वऱ्हाडी बसल्यावर, आणि तोवर पनीर संपलेले असते.

उपासना संपल्यावर लगेच उठू नका. आधी पेटीचे खटके आत ढकला, भात्याची कडी लावा, कारण लेकरे येऊन ती वाजवणारच. तेवढ्यात दोघे जण तुमच्याकडे येतील. एक म्हणतील, "आज लय पळवलं ना बाप्पा गाणं!" दुसरे म्हणतील, "आज फारच हळू होऊन राहिलं होतं." दोघांनाही "हो काका" म्हणा आणि पुढच्या रविवारी गती तीच ठेवा.