बारा व्होल्टवाले काका

बाथरूमच्या छतात दिवा बसवणं हे वायरमनचं काम, आणि तो बसवत असताना खाली स्टूल धरून उभं राहणं हे बारा व्होल्टवाल्या काकांचं. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत हे काका सापडतात. सरकारी खात्यातून निवृत्त, खिशात टेस्टर आणि मनात कायमचा संशय, की अर्थिंग दिलेलं नाही. (बऱ्याचदा दिलेलं नसतंच, ही खरी अडचण.)

काकांनी स्वतःच्या बाथरूममध्ये फॉल्स सीलिंग करून १२ व्होल्टचे दिवे लावायचं काढलं, तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "अहो, आहे त्या दिव्यात साबण दिसतोय ना? मग?" त्यावर काकांनी ओलं अंग, अनवाणी पाय आणि २३० व्होल्ट यांचं नातं उलगडायला घेतलं. पोळ्या लाटून संपल्या, भाजून संपल्या, नातं उलगडतच होतं.

खरेदी अर्थात तपकीर गल्लीत. बाकीची माणसं उजेड बघून दिवा घेतात, काका खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून घेतात. दुकानदार "वॉटरप्रूफ आहे, काका" म्हणाला रे म्हणाला की यांचा प्रश्न तयार: "आयपी किती?" ४४ म्हणजे शिंतोडे चालतात, ६५ म्हणजे पाण्याची धारही चालते, शॉवरखाली जमिनीपासून सव्वादोन मीटरपर्यंतची जागा जोखमीची धरतात, वगैरे ज्ञान मागे ताटकळलेल्या गिऱ्हाइकांनाही फुकट मिळालं. काकांनी ६५ वालेच घेतले. स्वतः ते बादली-तांब्याने आंघोळ करतात, हा भाग निराळा.

वायरमन आला. सांगितलेल्या दिवशी नाही, पण आला. काकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणांकडे ढुंकूनही न बघता त्याने बोर्डाला ३ इंची भोक पाडलं, वर हात घातला, तर हाताला वरच्या मजल्याचा नहाणी ट्रॅप!

"भोक जरा सरकवू बाजूला."

"भोक सरकत नाही रे. दुसरं पाडावं लागतं."

इथे काकांचा स्वभाव नीट समजून घ्यायला हवा. ते चुकत असते, तर त्यांच्यामागे हसून मोकळं होता आलं असतं. पण ते बरोबर असतात आणि त्यामुळेच असह्य होतात. वायरमन म्हणाला, "व्होल्ट कमी, तर वायर बारीक चालेल." काका उसळले. ५० वॅटचा हॅलोजन २३० व्होल्टवर पाव अँपिअरही घेत नाही, १२ व्होल्टवर ४ अँपिअर ओढतो. म्हणजे वायर जाडच हवी! हातातले दिवे ५ वॅटचे एलईडी होते, त्यामुळे या भाषणाची तशी गरज नव्हती. पण भाषण झालं.

मग वायरमनने कुठल्याशा घरातून काढून आणलेला हॅलोजनच्या जमान्यातला ट्रान्सफॉर्मर जोडला. "चांगला आहे, फेकायचा कशाला?" बटन दाबताच बाथरूममध्ये गणपती मिरवणुकीची रोषणाई सुरू झाली. काकांच्या चेहऱ्यावर इतका आनंद निवृत्तीच्या समारंभातही दिसला नसेल. "त्याला किमान लोड लागतो. एलईडीचा लोड पुरत नाही, म्हणून मिचमिचतोय." त्यांनी पिशवीतून एलईडीचा ड्रायव्हर काढला. तो आधीच आणून ठेवला होता, फक्त सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर बाथरूमबाहेरच्या माळ्यावर, मखराशेजारी, हात पोचेल असा बसला.

वायरमनने जाता जाता टोला हाणलाच. "दिवे बारावर, पण गिझर तर दोनशे तीसवरच ना, काका?"

"त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे. तुझ्या घरी आहे का?"

वायरमन गप्प बसला.

दिवे लागले, झकास लागले. त्या उजेडात काकूंना टाइल्सच्या सांध्यांतला वर्षानुवर्षांचा काळा थर पहिल्यांदाच स्वच्छ दिसला. त्यांनी काकांच्या हातातून टेस्टर काढून घेतला आणि ब्रश दिला.

तुमच्याही सोसायटीत असे एक काका असतील. काम चालू असताना त्यांना चुकूनही चहाला बोलावू नका, दोन तासांचं काम दोन दिवस चालेल. मात्र वायरमनचे पैसे चुकते करण्याआधी एकदा जरूर बोलवा, टेस्टर घेऊन.