टाकी फुल ते टाकी फुल, व्हाया डभोई

बडोद्यातल्या मराठी माणसाला दोन गोष्टींबद्दल काही बोललेलं खपत नाही. एक सयाजीराव महाराज आणि दुसरी सेव-उसळ. माझ्या आतेभावाच्या, म्हणजे दादाच्या बाबतीत तिसरी गोष्ट म्हणजे त्याची लाल पालिओ.

ही पालिओ साधी नव्हे, 1.6 जीटीएक्स. 2001 साली फियाटने पालिओ भारतात आणली, तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या मंडईतून भाजी आणण्याच्या लायकीच्या. हिच्या बॉनेटखाली मात्र 1596 सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, 100 अश्वशक्तीचं इंजिन. कारखाना कुर्ल्याचा आणि जाहिरातीत सचिन तेंडुलकर, म्हणजे गाडी आजोळ-पंजोळ दोन्हीकडून मराठी. पुढे सचिनला फियाटकडून फेरारी मिळाली. दादाकडे पालिओच राहिली, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत खेटे घालून त्याने तिचं रजिस्ट्रेशन वाढवून आणलं, त्या दिवशी घरात पेढे वाटले होते.

यंदा वहिनीने खर्चाची वही उघडली. दुधाचं पान एक, किराण्याची दोन आणि पेट्रोलची पानं उलटता उलटता तिचं बोट दुखलं. ‘‘अहो, ही देते तरी किती?’’

‘‘नऊ,’’ दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला.

नऊ हा आकडा गुजरातेत फार दिवस लपून राहत नाही. सोसायटीतल्या वॉचमनपासून सेव-उसळवाल्यापर्यंत सगळ्यांनी एकच सल्ला दिला, ‘‘सीएनजी नखावी दो ने, भई!’’ आत्याचा राग वेगळाच होता. कोयलीची रिफायनरी 1965 पासून शहराच्या वेशीवर उभी आहे. कारखाना दाराशी असून पेट्रोल इतकं महाग कसं, हे तिला कोणी समजावू शकलं नाही. मी मुंबईहून आलेला. आमच्याकडे याहून लिटरमागे आठ-नऊ रुपये जास्त मोजावे लागतात असं मी सांगून पाहिलं, पण परक्याच्या दुःखाने आत्याचं समाधान होत नाही.

शेवटी दादाने गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने पुस्तक उघडलं नाही, मशीन लावलं नाही. आम्हाला बसवून गाडी मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून आणली आणि उतरल्याबरोबर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. पुढच्या डाव्या चाकापाशी हात झटकन मागे घेतला. ‘‘ब्रेक चोंटे छे. कॅलिपर जाम आहे. पाय काढला तरी पॅड सोडत नाही. गाडी एक ब्रेक दाबून धावते आहे, साहेब.’’ मग त्याने डॅशबोर्डवरचा काटा दाखवला. एवढं फिरून आलो तरी तो खालीच लोळत होता. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला. इंजिन तापतच नाही, मग आतला कॉम्प्युटर समजतो की बाहेर कडाक्याची थंडी आहे आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. बडोद्यासारख्या गावात, जिथे मे महिन्यात कुत्रीसुद्धा दुपारी बाहेर पडत नाहीत, तिथे ही गाडी गेली कित्येक वर्षं काश्मीरमध्ये राहत होती.

एअर फिल्टर उपसून त्याने फरशीवर आपटला, तेव्हा आम्ही सगळे शिंकलो. प्लग झिजलेले. टायर हौसेखातर कंपनीच्या मापापेक्षा रुंद घातलेले आणि त्यात हवा कमी. हवा कमी म्हणजे टायर रस्त्यावर पसरणार, जास्त वाकणार, आणि त्या वाकण्यात पेट्रोल फुकट जाणार. ‘‘आणि पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे,’’ तो म्हणाला. ‘‘त्यात पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्के तिकडेच गेले. जुन्या गाडीचे रबरी पाइपही बघत राहा.’’ यावर दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू महाराष्ट्रातला सगळा ऊस मीच लावला होता.

काम झालं. बिल पाहून वहिनीने वहीत नवीन पान घेतलं. मिस्त्रीने हात पुसत समारोप केला, ‘‘गाडीचा दोष होता तेवढा काढला. बाकीचा काढायचा तर तुमचा उजवा पाय खोलावा लागेल.’’

पायाच्या परीक्षेसाठी डभोई ठरलं. तीसेक किलोमीटर अंतर, सपाट रस्ता, आणि आत्याला हिरा भागोळीपाशी कालिकामातेचं दर्शन हवंच होतं. परीक्षेचे नियम दादाने कागदावर लिहिले. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना भरायची. टाकी फुल करून निघायचं, परत येऊन त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिला ऑटो कट होईपर्यंत भरायची. किलोमीटर भागिले लिटर. डिकी रिकामी. डिकीतून क्रिकेटचा किट निघाला, भाच्याची तीनचाकी निघाली, गणपतीच्या आराशीचं एक मखर आणि कोणाच्या तरी लग्नात मिळालेलं, न फोडलेलं टी-सेटचं खोकं. सगळं उतरवून झालं आणि पाण्याच्या कळशीसकट आत्या मागच्या सीटवर बसली. वजन कमी करण्याचा नियम दादाने पुन्हा वाचून दाखवला नाही.

कपुराई चौकडी ओलांडली आणि खरी परीक्षा सुरू झाली. साठचा वेग, पाचवा गिअर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठचे शंभर केले की तो पावणेतीन पट होतो, हे दादा आम्हाला सांगत होता, पण सांगताना चेहरा उपास सोडायला अजून चार तास आहेत अशा माणसाचा होता. केवडियाचा पुतळा बघायला निघालेल्या लक्झरी बसेस आम्हाला ओलांडून गेल्या. कपाशीचा टेम्पो गेला. मग एक टँकर गेला, आणि त्याच्या मागे लिहिलेलं ‘धीरे चलो’ आम्हाला बराच वेळ वाचता आलं नाही, कारण तो आमच्यापेक्षा जोरात चालला होता. रतनपूरजवळ ॲक्टिवावरच्या एका काकूंनी आम्हाला ओलांडलं. मागे डबल सीट, मध्ये गॅसचं सिलिंडर. जाताना त्यांनी वळून पाहिलं. दादाच्या उजव्या गुडघ्याची शीर टरारली. 100 घोडे एकाच वेळी खिंकाळले असावेत. पण पाय हलला नाही.

‘‘पुढे स्पीडब्रेकर आहे,’’ मी म्हणालो. ‘‘न्यूट्रल कर की.’’

ही आमच्या घराण्यातली जुनी विद्या. कै. काका प्रीमियर पद्मिनी खंडाळ्याचा घाट न्यूट्रलमध्ये उतरवत आणि खाली पोचल्यावर वाचलेल्या पेट्रोलचा हिशेब सांगत. दादाने मला झापलं. ती गाडी कार्ब्युरेटरची होती. हिच्यात इंजेक्शन आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल पार बंद करतो. न्यूट्रल केलंस तर इंजिन जिवंत ठेवायला थेंब थेंब द्यावंच लागतं. म्हणून लांबूनच पाय काढायचा आणि गाडीला आपसूक हळू होऊ द्यायचं. आत्या म्हणाली, ‘‘काका तर इंजिनसुद्धा बंद करत.’’ त्यावर दादा गप्प राहिला. इंजिन बंद केलं की ब्रेकचा जोर जातो, आणि काकांच्या तशा एका उताराची गोष्ट घरात फक्त काका नसतानाच सांगितली जायची.

भिलापूर आलं. याच मुलखात 1 एप्रिल 1731 रोजी थोरल्या बाजीरावांनी सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांचा पराभव केला, आणि त्र्यंबकराव लढाईत पडले. बाजीरावांची घोडदौड वेगवान का? अवजड तोफा नाहीत, बाजारबुणगे नाहीत, प्रत्येक स्वाराकडे लागेल तेवढंच सामान. म्हणजे डिकी रिकामी. हा मुद्दा मी मोठ्या उत्साहाने मांडला. दादा म्हणाला, ‘‘पण लढाईत दाभाड्यांच्या बाजूला पिलाजी गायकवाड होते. हरलेल्या बाजूचे ना? पुढे बडोदं कोणाचं झालं?’’ बडोदेकर मराठी माणसाशी इतिहासावर वाद घालू नये. तो हरलेल्या लढाईतूनही राजवाडा काढून दाखवतो.

डभोईत शिरताना आम्ही वाटेतल्या सगळ्यांच्या मागे होतो, पण डभोईत हीच रीत आहे. या गावाचा आगगाडीचा इतिहास मोठा गमतीचा. 1862 साली गायकवाडांनी डभोई ते मियागाम अशी वीस मैलांची अडीच फुटी रुळांची लाइन टाकली, भारतातली पहिली नॅरोगेज. तिच्यावरची गाडी बैल ओढत. पुढच्या वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीकडून इंजिनं आली, तरी ओढण्याचं काम बरीच वर्षं बैलांकडेच राहिलं, कारण हलके रूळ इंजिनाचं वजन पेलेनात. म्हणजे अश्वशक्ती विकत आणून दारात उभी केलेली आणि प्रवास बैलशक्तीवर! दादाला ही गोष्ट मी सांगितली तेव्हा तो प्रथमच मोकळा हसला. वीस मैल म्हणजे आमच्या वाटेएवढंच अंतर. पुढे हेच डभोई नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. आता ब्रॉडगेज आहे. 2021 पासून गाड्या थेट केवडियापर्यंत जातात, आणि वेळेवर गेल्याच तर आमच्यापेक्षा लवकर पोचतात.

हिरा भागोळीची कमान बघताना मान दुखते, इतकं कोरीव काम. आत्या दर्शनाला गेली आणि तिथल्या एका आजोबांनी आम्हाला दंतकथा ऐकवली. हिरा नावाच्या कारागिराने राजाचे दगड चोरून आपल्या आवडत्या तेनेसाठी तळं बांधलं. राजाला कळलं, त्याने हिराला भिंतीत चिणलं. पण त्याच्या बायकोने भिंतीच्या फटीतून तूप सोडून त्याला जिवंत ठेवलं. मी चोरीचं आणि प्रेमाचं कौतुक करत होतो. दादाने आजोबांना विचारलं, ‘‘रोज किती तूप लागायचं?’’

आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. मग गाडीकडे बघून म्हणाले, ‘‘आ केटली आपे छे?’’

परतताना ऊन चढलं. एसी लावायचा की काचा उघडायच्या, यावर बरीच चर्चा झाली. साठच्या वेगाला काचा परवडतात, शंभरच्या वर एसी बरा, असा दादाचा निकाल. आत्याने कळशीतलं पाणी पदरावर शिंपडून घेतलं आणि निकाल अमान्य केला. एसी लागला. एका नंबरावर.

पंपावर पोचलो तेव्हा दादाचा श्वास वर अडकला होता. नोझल आत गेलं. पहिला कट झाला. 387 रुपये. पोऱ्याने दादाच्या तोंडाकडे न बघताच विचारलं, ‘‘चारसो पूरा करी दऊं?’’ आणि विचारता विचारताच चिरीक चिरीक दाबून चारशे केले. दादा ओरडला. जवळजवळ लिटरचा सातवा हिस्सा त्याच्या डोळ्यांदेखत ॲव्हरेजमधून गेला. आता कुठला आकडा धरायचा? कटचा धरला तर पावणेपंधरा, चारशेचा धरला तर जेमतेम सव्वाचौदा. शिवाय साठ किलोमीटरच्या परीक्षेत टाकीच्या गळ्यातल्या चार घोटांनी निकाल फिरतो. खरं ॲव्हरेज चार-पाच टाक्या जाळल्याशिवाय कळत नाही, हे मी बोललो आणि घरी पोचेपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही.

वहिनीने वहीत चौदा लिहिलं. नऊचे चौदा झाले म्हणून शाबासकी दिली, मग मिस्त्रीच्या बिलाला वाचलेल्या पेट्रोलने भागून पाहिलं आणि वही मिटली. दादाला मात्र कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. संध्याकाळी तो मिस्त्रीकडे गेला, मीही मागे. ‘‘पावणेपंधरा!’’ दादा म्हणाला.

मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली होता. तिथूनच त्याचा आवाज आला, ‘‘घरात चौदा सांगा, साहेब. विकायची असेल तेव्हा अठरा सांगा. आणि मुलाने चावी मागितली तर आठ.’’