अधूनमधूनच्या पंपाची निवड

अधूनमधून दूध काढायचे असल्यास ब्रेस्ट पंप दोन प्रकारचे मिळतात: हाताने दाबायचा आणि विजेवर चालणारा. कधीमधीच्या वापराला हाताचा पुरतो. तो स्वस्त असतो, धुवायला सोपा असतो आणि सेवाग्रामच्या वर्धा जिल्ह्यात स्वावलंबनाच्या तत्त्वालाही धरून असतो.

विजेच्या पंपाला सहसा प्लग लागतो. कार्यालयांनी याची चोख व्यवस्था ठेवली आहे: प्लग साहेबांच्या केबिनमध्ये, आतली कडी स्वच्छतागृहाला. दोन्ही एकाच खोलीत देणे ही उधळपट्टी ठरेल.

काढलेले दूध बाहेर सुमारे चार तास टिकते, मात्र खोली २५ अंशांपर्यंतची हवी. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या घरात असतो. म्हणून फ्रिज लागतो. तो असतोही, त्यात साहेबांचे ताक असते.

कायद्यानेही काळजी वाहिली आहे. प्रसूती-लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर आणि आईला तिथे दिवसाला चार भेटी बंधनकारक आहेत. ४९ जणांच्या कार्यालयातील बाळाला भूक लागत नाही, हे यावरून सिद्ध होते. पन्नासावा माणूस न नेमणे हा बालसंगोपनाचा सर्वांत किफायतशीर मार्ग होय.

काही ठिकाणी स्तनपानासाठी ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटीही असते. आतले जुन्या फायलींचे गठ्ठे सुरक्षित राहावेत म्हणून त्याला कुलूप असते. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर आख्यायिकेतल्या मूळ हिरकणीला बाळासाठी निदान कडा उतरता आला. बायोमेट्रिक हजेरीत तशी सवलत बसत नाही.

सबब, पंप घेताना मूठ दणकट आहे ना, एवढे पाहावे. कुलूप पितळी असते.